अंगठा लागत नाही

गडमुडशिंगीच्या पुढं, शेतात आमचा वृद्धाश्रम आहे. आम्ही अकरा जण. कामधंदा नसला की किस्से फार घडतात आणि सांगायला कुणी नसलं की ते साठत जातात. मी हळू बोलतो. मी सुरुवात करेपर्यंत ऐकणारा चहाला उठून जातो. म्हणून लिहायला घेतलं. आठवलं की हसू येतं, पण बसल्या जागी जीव थाऱ्यावर राहत नाही.

*

आधी कपाटाचं सांगतो. आम्हा सगळ्यांना सरकारची निराधार पेन्शन येते. पासबुकं मात्र आश्रमाच्या मॅनेजरसाहेबांच्या लोखंडी कपाटात. दर महिन्याला बँकेचा माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन येतो. आम्ही रांगेनं अंगठा लावायचा, नोटा साहेबांनी घ्यायच्या. तुमच्याच जेवणाला लागतात, असं ते म्हणतात. जेवणाला देणग्या येतात, देणाऱ्यांच्या पाट्या भिंतीवर आहेत. पण विचारणार कोण?

हिराबाईनं विचारलं. ती हातकणंगल्याची, जन्मभर बाजारात भाजी विकलेली. म्हणाली, माझं पासबुक मला बघायला तरी द्या. साहेब म्हणाले, "तू हरवशील."

"साहेब, भर बाजारात चार पोरं सांभाळली, एक हरवलं न्हाय. पासबुक हरवीन व्हय?"

साहेबांनी कपाटाला दुसरं कुलूप लावलं.

*

गुंडूअण्णा गुऱ्हाळावरचे गुळवे. उकळता पाक चिमटीत धरून गूळ झाला की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यात अंगठ्यावरच्या रेषा पार पुसून गेल्या. मशीन त्यांना ओळखतच नाही.

साहेबांनी अंगठ्याला खोबरेल लावून बघितलं, साबणानं धुऊन बघितलं, शेवटी स्वतः धरून दाबला. मशीन ढिम्म.

अण्णा शांतपणे म्हणाले, "दाबू नगासा. त्यो उकळत्या पाकाला भ्याला न्हाय, मशीनला भितोय व्हय?"

अकरा जणांत एकट्या अण्णांचे पैसे बँकेत सुखरूप राहिले.

*

एकदा सरकारी ऑफिसातून एक बाई चौकशीला आल्या. गोड बोलणाऱ्या, वाकून नमस्कार करणाऱ्या. प्रत्येकाला विचारलं, पेन्शन तुमच्या हातात मिळते का? साहेब त्यांच्या मागं खुर्ची धरून उभे. सगळ्यांनी हो म्हटलं. मीपण.

हिराबाई त्या दिवशी दवाखान्यात गेलेली. आल्यावर तिला कळलं. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आबा, तुमास्नी कवा मिळाली?"

मला जेवण गेलं नाही. दोन दिवस व्हरांड्यात नुसत्या येरझाऱ्या घातल्या.

*

मग मुरगूडहून हिराबाईच्या नातीच्या लग्नाची पत्रिका आली. नवरीला आजीनं साडी नेसवायची, अशी त्यांच्या घरची रीत. हिराबाई साहेबांकडं गेली, माझ्याच पेन्शनीतून साडीपुरतं द्या म्हणाली. साहेब म्हणाले, आश्रमातर्फे नारळ देऊ.

"नारळ देवाला द्या. नातीला साडी लागती."

त्या दुपारी ती गुंडूअण्णांच्या शेजारी बसून त्यांचा अंगठा न्याहाळत राहिली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात शिरली आणि करपलेली पातेली विटेच्या भुकटीनं घासायला लागली. तिचं बघून बाकीच्या बायका बसल्या, मग गडीमाणसं. मीपण एक कढई ओढून घेतली. आठवडाभर आम्ही भांडी घासत होतो. बोटं चुरचुरायची, घास उचलवत नव्हता. साहेब पाहुण्यांना सांगत होते, बघा, या वयातही काय हौस आहे!

मशीन आलं. हिराबाईचा अंगठा लागेना. तिच्या मागचीचा लागेना. माझा लागेना. बँकेचा माणूस मशीन पुसून पुसून घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, सगळ्यांना पासबुकासकट शाखेत घेऊन या.

साहेबांनी दोन्ही कुलपं काढली.

*

टेम्पोतून आम्हाला शाखेत नेलं. काउंटरवरच्या मुलीनं पासबुकावरचा फोटो बघितला, हिराबाईकडं बघितलं आणि विचारलं, "आजी, किती काढायचे?"

हिराबाईनं मागं वळून बघितलं. तिला वाटलं, दुसऱ्याच कुणाला विचारलं.

कागदावर तिनं शाईचा अंगठा उठवला. साक्षीदाराची सही लागत होती. साहेब पुढं झाले, तेवढ्यात हिराबाई म्हणाली, आबा करतील. माझी शाळा चौथीपर्यंतची. एकेक अक्षर जुळवत सही केली. रांग मोठी होती, पण कुणी घाई केली नाही.

मुलीनं नोटा हिराबाईच्या हातात दिल्या. सवयीनं साहेबांचा हात पुढं आला.

हिराबाईनं नोटा पदरात बांधल्या, गाठ दोनदा ओढून बघितली.

"साहेब, आजपतूर घेतलासा. आज मागा."

साहेबांनी हात मागं घेतला, खिशात घातला, परत काढला.

"मावशी, जेवणाचं काही द्याल का?"

"बघू की," हिराबाई म्हणाली. "आदी नातीची साडी घिऊन येतो."