एकशेसाठची फिल्म आणि चार पस्तीसचा मुहूर्त

शकीलाखालाचं नाव आधी घेते. कारण पुढं जे घडलं त्यात घरच्यांनी सगळ्यांची नावं घेतली (माझं तर शिव्यांसकट), फक्त तिचं घ्यायचं राहिलं. खाला ओतूरच्या बाजारात बांगड्या भरते. आमच्या डिंगोऱ्यातल्या निम्म्या नवरी मुलींचे हिरवे चुडे तिच्या हातचे. ती नसती तर माझ्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या लग्नाचा एकही धड फोटो नसता आणि मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. आता आहे. थोडी.

मी नववीतून शाळा सोडली. आता तिकडं लांब बंगळुरूत एका स्टुडिओत फिल्म धुते. रिळाची फिल्म, जुन्या कॅमेऱ्यातली. मेली म्हणता? मेली नाही हो! शहरातली हौशी माणसं पुन्हा फिल्मवर लग्नाचे फोटो काढून घेतात आणि त्यावर माझी भाकरी चालते. तरी गावाला गेलं की प्रश्न ठरलेला. "अजून धुण्याचंच काम करती व्हय गं?"

तर मनीचा साखरपुडा झाला. मनी माझ्यासारखीच काळी. छान, तुकतुकीत काळी. फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर तिला अशी काही घासून गोरी केली, की अल्बम बघून आमच्या आत्यानं विचारलं, "नवरदेव वळखला. पर ही शेजारी कोण बसलीया?"

मनीचा मला फोन आला. रडत होती. "ताई, लग्नाच्या फोटोत तरी मला मी पायजे."

मी तिथल्या तिथं दादांना, म्हणजे वडलांना, कळवलं, "फोटोवाल्याला नको म्हणा. फोटो मी काढणार."

"तुला जमंल?"

"जमंल!" (फिल्म धुणं वेगळं, काढणं वेगळं. ते फोनवरून दिसत नाही.)

आमच्या स्टुडिओच्या सरांनी स्वतःचा कॅमेरा दिला, फ्रीज उघडला आणि म्हणाले, "घे तीन रोल. लग्नाची भेट." आत प्रोफेशनल कलर फिल्मच्या डब्या ओळीनं. प्रत्येकीवर आकडा. आकडा मोठा, तेवढी ती कमी उजेडात भागवते. आकडा लहान, तेवढा तिला उजेड जास्त लागतो. पण कातडीचा रंग असा मऊ, खरा उतरतो, की काळ्याचं काळं आणि गव्हाळचं गव्हाळ. सर म्हणाले, "चारशेची ने. लग्न आहे, भरवसा नसतो."

"नाही सर. एकशेसाठ! मुहूर्त चार पस्तीसचा आहे. पत्रिकेत छापलाय!"

सरांनी हसत एकशेसाठचे तीन काढून दिले. त्यांचंही लग्न झालेलं आहे.

गावी पोचल्यावर पहिलं काम, रोल आईच्या फ्रीजमध्ये. ही फिल्म थंड ठेवायची असते.

"अवशीद हाय का?" आईनं विचारलं.

"त्याहून नाजूक. हात लावू नको."

एक रोल कॅमेऱ्यात भरला, दोन श्रीखंडाच्या डब्यामागं दडवले. आदल्या दिवशी चार पस्तीसला मी स्वतः स्टेजवर नवरी होऊन उभी राहिले. (आत्या लगेच, "उभी ऱ्हा गं, तेवढीच हौस!") मांडव पश्चिमेला उघडा. ऊन थेट तोंडावर. उजेड मोजायचं मीटर लावून बघितलं, झकास! तेवढ्यात खाला मनीला चुडा भरायला आलेली. कॅमेरा बघून म्हणाली, "बेटा, ह्यात चुड्याचा हिरवा हिरवाच येईल ना? त्या मोबाइलवाल्यांच्यात निळा येतो. लोक मला इचारतात, खाला, असल्या कसल्या बांगड्या भरल्या?"

"हिरवाच येईल खाला. शब्द देते."

आता एक कबूल करते. बाहेर राहून मी एक गोष्ट विसरले होते. आमच्याकडं पत्रिकेतल्या वेळेला लग्न लागत नाही. त्या वेळेला भाषणं सुरू होतात!

त्यात माझे चुलते, नानाकाका, यांना या खेपेला सरपंच व्हायचंय. चार पस्तीसला माइक त्यांच्या हातात. आजी, माजी, भावी, सगळ्यांचं स्वागत. ज्याला फेटा बांधला तो बोलणार. ज्याला बांधला नाही तो रुसणार, म्हणून त्यालाही बांधला. मग तोही बोलला! जो तो म्हणे, "येळ नाय, दोनच शब्द बोलतो." आणि त्या दोन शब्दांत पाणंद रस्ता, कांद्याचा भाव, बिबट्याचा बंदोबस्त आणि स्वतःचं सगळं घराणं.

समोरच्या उसाची सावली मांडवात शिरली. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या चपलांवर आली. मग गुडघ्यावर. मग फेट्यावर, मग स्टेजवर. मी मीटर हातात घेऊन तिच्या पुढं पुढं.

"नाना, ऊन चाललंय!"

"जाऊ दे की. उद्या येतंय!"

"फिल्मला उजेड लागतो नाना!"

"हे एवढं लायटिंग कशाला केलंय मग?"

लायटिंग गुलाबी आणि निळं. त्यात मनी जांभळी आली असती. त्यापेक्षा गोरी परवडली!

मी घरामागं पाण्याच्या टाकीला टेकून रडायला लागले. चारशेची आणली असती तर! पण हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, आणि आताही बोलत नाही. एकशेसाठच बरोबर होती. चूक मुहूर्ताची!

"क्या हुआ?" पुढ्यात खाला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुढारी परत येतो बेटा, इलेक्शन हाय. आजचं ऊन न्हाई येत. मनी कुठंय?"

"खोलीत."

"चल."

खोलीतल्या बायकांना तिनं ठणकावलं, "बांगडी पिचलीय. चुड्याला बघू नका, डोळे मिटा!" आणि बायकांनी मिटले हो! मनीला मागच्या दारानं काढली ती थेट कांद्याच्या चाळीमागं. तिथं मोकळं रान आणि सोन्यासारखं ऊन. मी खालाला तिची पांढरी ओढणी दोन्ही हातांनी ताणून धरायला लावली, म्हणजे उजेड उलटून मनीच्या तोंडावर पडेल. मनी हसली. मी खटका दाबत सुटले.

इकडं मांडवात कुणीतरी खोली उघडून बघितली. बायका डोळे मिटून बसलेल्या, नवरी नाही! अर्धे म्हणाले, नवरी पळाली. अर्धे म्हणाले, बिबट्यानं नेली. नवरदेवाच्या मामांना बिबट्या बरा वाटला. अब्रू तरी राहते! नानांचा माइक चालूच होता. "नवरी मुलीला ईनंती हाय, जिथं असंल तिथून स्टेजजवळ यावं. घरचे वाट बघत्यात!"

मग अख्खा मांडव काठ्या घेऊन उसाकडं पळाला आणि वाटेत आमच्यावर येऊन आदळला. मनी नटून उभी. खालाची ओढणी ताणलेली. माझा एक डोळा मिटलेला.

"काय चाललंय हे?" नाना ओरडले.

मी दुसरा डोळा उघडला. "फोटो चाललाय! तुमचे दोन शब्द झाले का?"

कुणीतरी फिसकन हसलं. ते भटजी होते. बिचारे चार पस्तीसपासून ताटकळलेले. "नवरदेव आहे, नवरी आहे, माणसं आहेत. इथंच उरकू! अंतरपाट कुठंय?"

अंतरपाट मांडवात राहिलेला. भटजींनी इकडंतिकडं बघितलं आणि खालाच्या ओढणीला हात लावला. "ही चालेल?"

खाला म्हणाली, "घ्या. धुतलेली हाय."

पांढऱ्या ओढणीअलीकडं मनी, पलीकडं नवरदेव, मागं मावळतीचं ऊन आणि डोक्यावर अक्षता. जन्मात एकदा मिळतो असा फोटो! मी कॅमेरा डोळ्याला लावला. खटका दाबला. दबेना.

रोल संपला होता.

बाकीचे दोन? ठरल्याप्रमाणे, फ्रीजमध्ये. श्रीखंडामागं. अगदी योग्य तापमानाला!

मोबाइलवर त्या क्षणाचे फोटो ढीगभर आहेत. सगळ्यांत मनी गोरी आणि चुडा निळा. पण माझ्या रोलातला कांद्याच्या चाळीमागचा फोटो तिनं सासरी भिंतीवर लावलाय. काळी, हसरी, हिरव्यागार चुड्याची मनी. आत्यानं बघितला आणि म्हणाली, "ही आपली." कुणी अजून खोचकपणे विचारतं, "लग्न लागतानाचा फोटो कुठाय?" मी सांगते, मंगलाष्टकं ऐकायची असतात, बघायची नसतात!

खालाला मात्र असं सांगता येत नाही. तिचं देणं आहे. खाला, एक दिवस तुझा फोटो मी काढणार. त्याच ओढणीत, तुझ्या खऱ्या रंगात, भर उन्हात, आणि आसपास एकही माइक नसताना. फिल्म तीच, एकशेसाठची! फक्त या खेपेला रोल माझ्या कमरेला बांधलेला असेल. उकडून निघाला तरी चालेल.