दुष्काळी मूठ

आत्याच्या झाडपाल्याच्या दुकानात वजनकाटा होता, पण तो गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरता. खरं माप तिची मूठ. "काट्याला काय कळतंय?" म्हणून ती मला गप्प करायची. एकदा मी तिच्या नकळत सलग दहा मुठी तोलून पाहिल्या. गुंजभर फरक निघाला नाही. मलाच माझी लाज वाटली.

पावसाने दगा दिलेल्या वर्षी मात्र ती दीड मूठ घ्यायची. पान बारीक, सुकट, म्हणजे त्यात दम नाही, ही तिच्या वडिलांची शिकवण. घरात त्या मापाला दुष्काळी मूठ म्हणत.

माझे बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, अशाच एका वर्षी दम्याने गेले. मी तेव्हा नऊ वर्षांची. दुकानामागच्या पाला वाळवायच्या खोलीत त्यांची खाट होती. शेवटच्या दुपारी ते कोपऱ्याकडे बघून कुणाशी तरी हसून बोलत होते. तिथे कुणीच नव्हतं. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं.

"दीड पुरली नाही गं. दोन घालायला हव्या होत्या," आत्या म्हणायची. वीस वर्षं हेच. त्या खोलीत तिला त्यांची धाप ऐकू यायची, कोरड्या वर्षी तर जास्तच. निवडता निवडता हात थांबायचा. "ऐकलंस?" मी चिडायचे. चिडायचे, कारण कधीकधी मलाही ऐकू यायची.

पुढे मी वनस्पती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले. यंदा आम्ही धोतऱ्याचे दोन वाफे केले. एकाला पोटभर पाणी, दुसऱ्याला जगण्यापुरतं. बाबांच्या काढ्यात धोतराच होता; तो जास्त झाला की घसा कोरडा पडतो, नसलेली माणसं दिसतात. तहानलेली पानं निम्म्या आकाराची निघाली आणि त्यांतलं विष जवळजवळ दुप्पट. पाणी तुटलं की ते झाड वाढणं सोडतं आणि कडू तेवढं अंगात साठवतं. आकडे मी तीनदा ताडून पाहिले. मग स्वच्छतागृहात जाऊन रडले.

आत्याला सांगायचं नाही, असं ठरवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हातारीला या वयात आपल्या भावाचा जीव आपणच घेतला हे कशाला कळायला हवं?

आठवड्याने दुकानात गेले, तर शेजारचा शिंपी बाकावर धापा टाकत बसलेला. पाणी चुलीवर उकळत होतं. आत्याने धोतऱ्याच्या यंदाच्या सुकट पानांची एक मूठ टाकली. दुसरी भरली.

"या वेळी कमी पडू देणार नाही," ती मागच्या खोलीकडे बघत म्हणाली.

मी तिचं मनगट धरलं. "आत्या, थांब. सुकलं पान दुबळं नसतं, जहाल असतं. आम्ही तपासलंय."

"मग दीड मूठ म्हणजे..."

"जास्त होती, आत्या. खूप जास्त."

शिंप्याला गाडीत बसवून दवाखान्यात पाठवलं. आत आले तेव्हा आत्या विझल्या चुलीपाशी स्टुलावर बसली होती. ती भांडेल, मला शिकलेली शहाणी म्हणेल, असं वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही.

"शेवटी तो पाणी मागत होता," ती म्हणाली. "घसा सुकलाय, ताई, घोटभर दे म्हणाला. मी म्हटलं, पाण्याने औषध पातळ होईल. काढाच पाजला परत."