दार पडलं की फोन करा

२०१७च्या मे महिन्यात जर्मनीत आमच्या पोटमाळ्यावर रॅकून राहायला आला. एश्बॉर्नमधल्या माझ्या ऑफिसपासून एस-बान लोकलने काही स्टेशनं वर, टाउनुस डोंगराच्या पायथ्याला आम्ही एक जुनं घर भाड्याने घेतलं होतं. नवरा कंपनीच्या कामाने महिनाभर शांघायला, लेक आठवडाभर शाळेच्या सहलीला. घरात मी आणि नाशिक रोडहून आलेले माझे बाबा. पहाटे डोक्यावर फळ्या करकरायच्या. घरमालकाला कळवलं, तर त्याने एका शिकाऱ्याला पाठवून दिलं.

शिकारी म्हणजे कुणीतरी दांडगा, मिशाळ माणूस असणार, अशी माझी समजूत. आला तो सत्तरीचा, बारीक अंगाचा, दारातच बूट काढून ठेवणारा. बुटांमुळे तो बाबांना लगेच आवडला.

त्याने घराच्या मागे, पन्हळीच्या पाइपापाशी एक लांबट लाकडी पेटी ठेवली. आत अंडं आणि मूठभर मनुका. मला सूचना दिल्या: सकाळ-संध्याकाळ बघायचं. दार पडलं की फोन करा. उघडू नका, हलवू नका, आत डोकावू नका. पुढे काय करणार, हे मी विचारलं आणि त्याने दात काढायच्या आधी डॉक्टर सांगतो तसं सगळं नीट सांगितलं. पेटीत अंधार असतो, म्हणून जनावर शांत राहतं. ती तशीच तो जंगलातल्या त्याच्या हद्दीत नेतो. तिथे पेटीच्या तोंडाला एक अरुंद जाळीचा पिंजरा लावतो. जनावर उजेडाकडे जातं आणि त्या पिंजऱ्यात त्याला वळता येत नाही. मग लहान बोअरची एकच गोळी, डोक्यात. त्याला कळायच्या आत. पाण्यात बुडवणारे, काठीने मारणारे लोक त्याने पाहिले होते. त्यांच्याविषयी बोलताना त्याचा चेहरा पहिल्यांदा कडवट झाला. नंतर पेटी उकळत्या पाण्याने धुवायची, कारण विष्ठेत जंत असतात. दुसरीकडे नेऊन सोडायला कायद्याने बंदी आहे. शेवटी तो म्हणाला, "पण आधी मी बघणार. मे महिना आहे."

मी "गेनाऊ" म्हटलं. मे महिन्याचा काय संबंध, हे विचारलं नाही. जर्मनमध्ये काही कळलं नाही की गेनाऊ, म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणायची मला तेव्हा सवयच होती.

बाबांना मी यातलं निम्मंच सांगितलं. त्यांनी बाकीचं ओळखलं.

"मारणार ना तो?"

"हो, पण त्रास न देता."

बाबा वीज मंडळात वायरमन होते. रोज सकाळी बुद्धांच्या मूर्तीपुढे पंचशील म्हणायचे, आणि त्यातलं पहिलं शील त्यांनी उंदरांनाही लागू केलं होतं. आमच्या कॉलनीत कुणाच्याही पिंजऱ्यात उंदीर अडकला की तो पिंजरा आमच्या दारात यायचा. बाबा तो सायकलच्या हँडलला अडकवून वालदेवी नदीच्या काठापर्यंत जायचे आणि उंदीर सोडून यायचे. आई म्हणायची, सगळ्या कॉलनीचे उंदीर तुमच्या नावाने पेन्शन खातात. आम्हा भावंडांना यात लाज वाटायची आणि अभिमानही.

शुक्रवारी सकाळी मी घरूनच काम करत होते. बाबा मागून आले आणि म्हणाले, "दार पडलंय." मी फोन हातात घेतला. ते समोर उभे राहिले.

"रोज तोंडाने म्हणायचं, जीव घेणार नाही, आणि इकडे फोन करून माणूस बोलवायचा. तो फोन म्हणजे बंदूकच की गं. आपण सोडून येऊ."

सहा आठवड्यांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. गरम पाणीसुद्धा स्वतः करून घ्यायचे. पुढच्या गुरुवारी ते परत जाणार होते, आणि आपल्या घरून ते एका जिवाचा भार घेऊन जाऊ नयेत असं मला मनापासून वाटलं. कायद्याची भीती होतीच, पण त्या क्षणी बापाचं मन मोठं वाटलं. आम्ही दोघांनी पेटी गाडीत चढवली आणि डोंगर चढून पलीकडच्या उतारावर, घरापासून पंधरा किलोमीटर गेलो.

पेटीचं दार उचललं तर रॅकून बाहेर आली, पण पळाली नाही. दोन पावलं गेली, थांबली, वळून आम्ही आलो त्या रस्त्याकडे बघत राहिली. मग मागच्या पायांवर उभी राहिली. पोटावर सड स्पष्ट दिसत होते, ओढलेले, भोवतीचे केस गेलेले. मी ते पाहिलं. अर्थ कळला नाही असं म्हणणं आज सोपं आहे. मी एक मूल पाजलेली बाई आहे. मला कळायला हवं होतं, आणि मला वाटतं, कुठेतरी कळलंही होतं. पण शेजारी बाबा हात जोडून "भवतु सब्ब मंगलं" म्हणत होते आणि त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता, की मी गाडीचं दार लावून घेतलं.

शिकाऱ्याला मी सांगितलं, पेटी रिकामीच आहे.

शनिवारी माळ्यावरून चिवचिवाट ऐकू येऊ लागला. पक्ष्यांनी घरटं केलं असेल, बाबा म्हणाले. मीही तेच धरून बसले. रविवारी सकाळी तो आवाज बारीक झाला, आणि मग मला बसवेना. मी गाडी काढून एकटीच त्या उतारावर गेले, तासभर वेड्यासारखी फिरले. कुणी नव्हतं. परत येऊन मी शिकाऱ्याला फोन केला आणि सगळं कबूल केलं.

तो आला. रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. माळ्यावर चढला आणि टॉवेलमध्ये चार पिल्लं घेऊन उतरला. दोन गार पडली होती. दोन तोंड उघडत होती, पण आवाज येत नव्हता. बाबा जिन्यापाशीच उभे होते. त्यांच्यासमोर तो मला जर्मनमध्ये म्हणाला, "मी आधी बघणार होतो. दूध पाजणाऱ्या आईला या दिवसांत मारता येत नाही, मी मारतही नाही. मी इथेच दार उघडून तिला जाऊ दिलं असतं. पिल्लं मोठी झाली की तुम्ही ते भोक बुजवलं असतंत."

मग जिवंत असलेल्या दोन पिल्लांचं काय करू, असं त्याने विचारलं. ती जगणार नव्हती आणि त्यांना घेणारं कुणी नव्हतं. हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी टॉवेलकडे बघत म्हटलं, "मग ताटकळत ठेवू नको म्हणावं. लवकर करा."

मी त्याच्याबरोबर जंगलात गेले. नको म्हणत होता, तरी गेले. त्याने एकेकाला तळहातावर धरून झाकलं, ती उबेला शांत झाली, मग माझ्याकडे पाठ केली. खरोखरच कळायच्या आत झालं. इतकं स्वच्छ काम मी कधी पाहिलं नव्हतं, आणि दोन दिवस माळ्यावर जे चाललं होतं ते आम्ही केलं होतं.

घरी आले तेव्हा बाबा जेवायचे थांबले होते. पानं वाढली, तर भाताला हात न लावता म्हणाले, "तो जिन्यापाशी आईबद्दल काहीतरी बोलला. मुटर म्हणाला. तेवढा शब्द मला कळतो, तुझ्या लेकीने मदर्स डेला तुला मुटरटागचं कार्ड दिलं होतं ना."

"म्हणाला, तिला गोळी घालावीच लागली असती. तुम्ही निदान आईला वाचवलंत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते वायरमन होते. कुठली तार जिवंत आहे, हे त्यांना न शिवता कळायचं.

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी ताट बाजूला सरकवलं. दोन वर्षांनी ते गेले. शेवटच्या आजारपणात मी महिनाभर त्यांच्या उशाशी होते, रोज खरं सांगायला बसायचे आणि रोज त्यांचे पाय चेपून उठायचे.