रिकाम्या ठोक्यावर उचललेला हात

रामदासभाऊंचा फोन आला तेव्हा मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. यांच्यापाशी रामदासभाऊंना बसवून दवाखान्यातून अंघोळीपुरती घरी आले होते, आणि दोरीवरचे कपडे तसेच टाकून परत जायला मन होईना. रामदासभाऊ फोनवर नेहमी ओरडूनच बोलतात. उभा जन्म लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात काढलेला माणूस हळू बोलायचं विसरूनच जातो. त्यामुळे त्या दिवशीचं ओरडणंही मला नेहमीचंच वाटलं. "वहिनी, अण्णा गेले!" ते म्हणाले, आणि मी सवयीने फोन कानापासून लांब धरला. शब्द मागाहून पोचले... मी "येते" म्हणाले, आणि उरलेल्या दोन टॉवेलांच्या घड्या घालूनच घराबाहेर पडले.

रेवा, ईशान, त्याला आता सहा आठवडे झाले. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलं होतं, "आजी, आजोबांना त्रास झाला का?" मी म्हणाले, "नाही रे, अगदी शांतपणे गेले." नातेवाइकांना, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना, शेजारपाजारच्यांना मी हेच वाक्य सांगत आले. ते खरं नाही. काय घडलं ते नीट क्रमाने लिहून काढायचं ठरवलं आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा बाबा वाचून दाखवेल. त्यालाही यातलं काही माहीत नाही.

तुमचे आजोबा अमळनेरजवळच्या गावातून सुरतेला आले ते लूमवर काम करायला. आधी कतारगामला, पुढे सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात. तिथे ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा माणूस. शंभर लूम एकदम चालत असले तरी एकाचा ठोका चुकला की त्यांना कळायचं. लूमच्या लोखंडी अंगावर ते तळहात ठेवायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि पाना कुठे लावायचा ते ठरवायचे. तिथे बोलून उपयोग नसतो, सगळं हातांनी आणि ओठांनी चालतं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, शाळेत शिकवणारी. माझं सगळं शब्दांनी चालायचं. पन्नाशी गाठेपर्यंत त्यांचे कान जवळजवळ गेले होते. बारीक आवाज आधी जातात, असं डॉक्टर म्हणाले. दाराची घंटा गेली, कुकरची शिट्टी गेली, मग माझं बोलणं गेलं. जाड आवाज तेवढे राहिले.

ती कॅसेट तुमच्या बाबाची. कॉलेजात असताना त्याने कुणा मित्राकडून आणली होती. परदेशातलं नाचाचं संगीत, सगळं यंत्रावर तयार केलेलं. वेष्टनावर माणसाचा चेहरा नाही, गाण्याला शब्द नाहीत. पुढे कळलं की जगभर ती मोठी नावाजलेली आहे, लोक ती पुनःपुन्हा ऐकतात, तिच्यावर लिहितात. मला ती पिठाच्या गिरणीसारखी वाटायची. बाबा परदेशी गेला आणि कॅसेट मागे राहिली. मी त्याची खोली आवरली, वस्तूंवर चिठ्ठ्या लावल्या, आणि ती खोक्यात घालणार तेवढ्यात आजोबांनी ती सहज वाजवून पाहिली, केवळ पोराची आठवण म्हणून. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर हे जमिनीवर मांडी घालून बसलेले, तळहात स्पीकरच्या लाकडी खोक्यावर, डोळे मिटलेले... अगदी लूमपाशी बसावेत तसे. मी खांद्याला हात लावल्यावर म्हणाले, "माले ऐकू येस." मला ऐकू येतंय. किती तरी महिन्यांनी त्यांनी हे वाक्य उच्चारलं होतं.

तेव्हापासून कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आमच्याकडे बैठक भरू लागली. रामदासभाऊ लूम चालवायचे, यांचे गाववालेच. आणखी दोघे-तिघे यायचे. सगळ्यांचे कान कमी-अधिक गेलेले. मधे स्पीकरचं खोकं, भोवती ही मंडळी, प्रत्येकाचा एक हात खोक्यावर. पहिली बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, मग चहा आणि खमण, मग दुसरी बाजू. मधल्या वेळात मात्र कडाक्याचा वाद. "हाई जुना लूम शे, पट्टा ढिला पडेल शे त्याना," रामदासभाऊ म्हणायचे; गाण्यातला ठोका त्यांना पट्टा ढिला पडलेल्या जुन्या लूमसारखा वाटायचा. आजोबा उसळायचे, "तुले काय समजस? तू नुसता धागा जोडणारा!" मग सगळे हसायचे, आणि शेजारच्या गुजराती बेन भिंतीवर थाप मारायच्या, "अण्णा, जरा धीमे राखो ने!" त्या थापा या मंडळींना ऐकूच यायच्या नाहीत. दार उघडून माफी मागायचं काम माझं.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं त्यांचं सर्वांत आवडतं. त्यात सात ठोके पडतात आणि आठवा पडत नाही, जागा रिकामी राहते. पुन्हा सात, पुन्हा रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेवर सगळे एकदम हात वर उचलायचे आणि एकमेकांकडे बघून पोरांसारखे हसायचे. का, ते आजोबांनी एकदा मला समजावलं होतं. "लूमचा ठोका चुकला की कापडावर रेघ पडते. मी जन्मभर चुकलेला ठोका शोधला आणि दुरुस्त केला. हा माणूस मुद्दाम चुकवतो, बघ. आणि तरी कापड बिघडत नाही." हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. मी म्हणाले, "अहो, वह्या तपासायच्यात माझ्या."

ते मला किती वेळा म्हणाले असतील, "ये, बठ ना जराशी. हात ठेव." एकदा मी बसलेही. मांडीवर वह्यांचा गठ्ठा आणि हातात लाल पेन घेऊन. दोन गाणी झाल्यावर मी म्हणाले, "तेच तेच तर आहे." त्यांना ऐकू गेलं नसावं, पण ओठ वाचता येत होते. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेऊ लागले. निवृत्त झाल्यावर वह्या उरल्या नाहीत, तरी दार लावायची सवय राहिली. वीस वर्षांहून जास्त काळ ते गाणं माझ्या घरात वाजलं... आणि मी ते एकदाही ऐकलं नाही.

मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कान तर आधीच गेलेले. दवाखान्यात नऊ दिवस होते. मी सगळं व्यवस्थित केलं. औषधांच्या वेळा वहीत लिहिल्या, चादर रोज बदलून घेतली, नर्सला प्रश्न विचारले. पाचव्या दिवशी त्यांचा डावा हात हलू लागला. पलंगाच्या लोखंडी दांड्यावर बोटं आपटायची, थांबायची, हात वर व्हायचा, आणि ते माझ्याकडे बघायचे. एकटक. पुन्हा बोटं, पुन्हा हात वर, पुन्हा तेच बघणं. मला वाटलं, तडफड होतेय. शाळेत मुलं बाकावर बोटं वाजवायची तेव्हा मी त्यांच्या हातावर हात ठेवून दाबायची, तसंच केलं. मी म्हणाले, "शांत राहा. शांत." त्यांनी हात सोडवून घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. सलाइनची सुई त्याच हाताला होती. मी नर्सला म्हणाले, "हात फार हलवताहेत, सुई निघेल. बांधून ठेवता येईल का?" तिने गॉजची पट्टी आणली. माझ्याच सांगण्यावरून आणली. पट्टी बांधेपर्यंत ते माझ्याकडे बघत होते. बांधून झाल्यावर त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

संध्याकाळी रामदासभाऊ भेटायला आले. "हात कशाला बांधलाय, वहिनी?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "त्रास होतो त्यांना." त्यांनी मान डोलावली. माझं शिक्षण, माझी वही, माझा नीटनेटकेपणा यांवर या मंडळींचा फार विश्वास. पुढचे चार दिवस पट्टी तशीच राहिली. आजोबा शांत होते. तुम्हाला मी सांगितलं ते एवढंच खरं होतं.

चौदावा झाल्यानंतरच्या सुट्टीला रामदासभाऊ आणि दुसरे दोघे आले. बसले, पण खोक्याला कोणी हात लावला नाही. चहा झाला. शेवटचे दिवस कसे गेले असं त्यांनी विचारलं, आणि मी सांगत गेले. बोटं कशी आपटायचे ते दाखवावं म्हणून मी टीपॉयवर वाजवून दाखवलं. मी बारकाईने लक्ष देणारी बाई, मला ते नेमकं आठवत होतं. सात वेळा, मग हात वर. सात वेळा, मग हात वर... वर बघते तो रामदासभाऊंच्या हातातला कप तिरका होऊन चहा बशीत सांडत होता. ते उठले, कॅसेट दुसऱ्या बाजूला लावली, तिसऱ्या गाण्यापर्यंत पुढे नेली, आणि माझा हात धरून खोक्यावर ठेवला. ज्यांनी मला कधी वहिनीशिवाय हाक मारली नाही, माझ्यासमोर पाय पसरून बसले नाहीत, त्यांनी माझा हात धरला. खोकं माझ्या तळव्याखाली सात वेळा हललं. मग थांबलं.

"अण्णा तुम्हाले बलावत होता," ते म्हणाले. आणि लगेच, "तुम्हाले कसं समजणार वहिनी, तुम्ही तं कधी बठल्याच नही." त्यांनी ते माझ्या समाधानासाठी म्हटलं होतं.

मला कोणीही समजावू नका. बाबालाही सांगा, आईने चांगल्यासाठीच केलं वगैरे लिहू नकोस. ज्याची वाचा गेली, कान गेले, त्याच्याकडे एकच गोष्ट उरली होती. ती त्याने मला पाच-सहा वेळा, अगदी स्पष्ट, माझ्याकडे बघून सांगितली. आणि मी त्याचा हात बांधला.

मंडळी अजून येतात. मीच म्हणाले, येत जा. सतरंजी मी घालते, कॅसेट मी लावते, आणि आता त्यांच्यात बसते. हात ठेवते. रोज दुपारी एकटीही लावून बघते. मला काही होत नाही. थरथर कळते, पण कापड विणलं जाताना दिसत नाही. मग मी मोजते. एक, दोन, तीन, चार... मोजून मोजून सातवर पोचते तोवर आठवा निघून गेलेला असतो. बाकीच्यांना मोजावं लागत नाही.

परवाच्या सुट्टीला तिसरं गाणं लागलं. सात ठोके पडले आणि तिघांचे हात वर गेले. माझा खोक्यावरच होता. पुन्हा सात, पुन्हा तेच. एकाने माझ्या हाताकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. पुढच्या रिकाम्या जागेला रामदासभाऊंचा हात उचलता उचलता थांबला. मला एकटं पडल्यासारखं वाटू नये म्हणून असेल. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही हात खाली ठेवले. मग गाणं संपेपर्यंत कोणीच हात उचलला नाही, कोणी हसलं नाही, आणि उरलेली बाजू न ऐकताच ते जायला उठले.