मोरपंखी दोरा

बायकोसाठी गळाची काठी बांधत होतो. आजवर ती खाडीवर दुसऱ्यांच्या काठ्या मागून मासे पकडायची. ही तिची स्वतःची पहिली. गळाची दोरी ओवायच्या कड्यांमधली अंतरं मी मोजपट्टीने दोनदा तपासली. त्या कड्या काठीला बांधायचा रेशमी दोरा मात्र तिने निवडला, मोरपंखी. त्यावर वॉर्निशचा पहिला हात फिरवला आणि दोरा काळा पडला. नुसता काळा.

आता दोरा कापूनच काढावा लागणार, आणि दुकानात त्या रंगाचं ते शेवटचं रीळ होतं. मी तिला हाक मारली.

"अहो, काठी मोडल्यासारखं तोंड काय केलंय?" म्हणत तिने काठी उचलली आणि थेट दारात गेली. साडीच्या फॉलचा दोरा घेताना बायका रीळ घेऊन दुकानाबाहेर येतात, तशी. उन्हात तिने काठी हळूच फिरवली. काळ्यातून हिरवं उमटलं, मग निळं.

"हा बघा तुमचा रंग. ट्यूबलाइटखाली कुणी रंग बघतं का?"

माझा जीव भांड्यात पडला. इतकी मोजमापं करणारा मी, पण वस्तू बिघडली असं ठरवताना आपण कुठे उभं राहून पाहतोय, हे कधी तपासत नाही. किती गोष्टी अशा घरातल्या उजेडात नापास केल्या असतील!

"माशाला मात्र काळाच दिसणार," मी म्हणालो.

"मासा काय साडी नेसणार आहे?"

वॉर्निश ओलं आहे, हे सांगायचं मी विसरलोच. मुठीजवळच्या कडीपाशी तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे. तो मी घासून काढला नाही.