शाळेपुढच्या चुली

इस्लापूरच्या पलीकडे, जंगलातल्या कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, मी शाळेत बाई होते. दुष्काळाचं साल. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि देवणीहून घरचे सारखे लिहीत, आपल्या जिल्ह्यात बदली मागून घे. त्याच सुमारास पोलिसांनी माझ्या शाळेत तळ ठोकला. मुलं मोहाच्या झाडाखाली बसू लागली.

जंगलातले बंदूकवाले पोडावर जेवायला येत. आणि या पोडात भुकेल्याला दारातून परतवून लावायची रीत नव्हती, मग तो कुणी का असेना. तेवढ्यावरून पोलिसांनी पोडातल्या तिघांना शाळेत कोंडलं आणि गुरासारखं बडवलं. एकाचा हात मोडला. आतलं ओरडणं ऐकत मी झाडाखाली हजेरी घेत होते. आजही स्वतःची चीड येते.

दुसऱ्या दिवशी बायकांनी आपापल्या घरातल्या चुली मोडल्या आणि शाळेपुढे नव्या मांडल्या. सगळ्यांच्या पुढे हात मोडलेल्याची म्हातारी आई. रांधायचं ते दिवसाउजेडी, पोलिसांच्या डोळ्यांदेखत. घरात चूलच नसेल तर दारी आलेल्याला वाढणार काय? रीतही मोडली नाही आणि बंदूकवाल्यांचं जेवणही तुटलं. फौजदाराने दोन चुली बुटाने उधळल्या. बायकांनी दगड पुन्हा लावले. त्याला एवढीही लाज वाटली नाही की त्या चुलींवर शिजत होती ती नुसती पातळ आंबील.

चौथ्या दिवशी म्हातारी लाकडं न्यायला घरी आली, मी सोबत होते. बंदूकवाले भरदुपारी दारात उभे. भाकरी मागितली. तिने शाळेकडे बोट केलं.

"चूल तिकडं हाय. जा, पोलिसासंग बसून जेवा."

एकाने तिच्या छातीला नळी लावली. ती हलली नाही. शेवटी शिव्या देत ते निघून गेले. दोन्हीकडचे शूरवीर, आणि दोघांचा जोर आंबील खाणाऱ्या बायकांवर!

बंदूकवाल्यांना कुणी जेवू घालत नाही, हे रोज डोळ्यांपुढे दिसत होतं; आठव्या दिवशी फौजदार नमला. पण माणसं सोडायला त्याला कागद हवा होता, कुणालाही मारहाण झाली नाही असा. अंगठे बायकांचे, लिहायचं मी. तुमच्या बदलीसाठी शब्द टाकतो, असंही तो हळूच म्हणाला. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि बायकांना जसंच्या तसं वाचून दाखवलं.

म्हातारीने अंगठा दिला. लेकाचा लोंबता हात आपल्या पदराने बांधला. मग माझ्याकडे वळली.

"बाई, माझं लेकरू आत होतं म्हणून म्या अंगठा देला. तुझं कोण होतं आत?"