झाकणाला हात लावायचा नाही

आयुष्यभर बस चालवली, पण स्वयंपाकघरात ड्रायव्हरला कोणी कधी बघितलं नव्हतं. प्यायचं पाणीसुद्धा त्याला हातात लागायचं. मग बायकोच्या पोटाचं ऑपरेशन झालं. ती घरी आली ती थेट अंथरुणावर. बाहेरून आणलेलं जेवण तिला जाईना; दोन घासांवर ताट सारायची. तिची धाकटी बहीण भेटायला आली आणि तोंडावरच म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला साधा चहा जमत नाही. रविवारी येते आणि ताईला माझ्याकडे नेते."

बोलणं खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. बायकोशिवाय त्या घरात राहायची कल्पनाच त्याला सहन होईना. "रविवारी ये," तो म्हणाला, "पण जेवायलाच ये!"

मुलीने दिलेला, विजेवर हळूहळू शिजवणारा स्लो कुकर माळ्यावर धूळ खात पडला होता. त्याने तो खाली काढून घासला. सकाळी मसूर, गाजर, बटाटे, हळद, मीठ, पाणी असं सगळं आत घालून बटण दाबलं. पण हे यंत्र ना शिट्टी देतं, ना खदखदतं. आत काही चाललंय की नाही, कळणार कसं? याला राहवेना. जरा वेळ झाला की झाकण उचल, चमचा घाल, ढवळ. दुपारी गाजर दाताखाली कटकन वाजलं. बायकोला हसू आलं आणि टाके दुखले.

"अहो, कधी पोचणार, कधी पोचणार, असं लोक बसमध्ये विचारायचे, तेव्हा काय करायचात?"

"खेकसायचो. गप बसून राहा म्हणायचो."

"मग आता स्वतःवर खेकसा. झाकण काढलं की सगळी वाफ जाते. बिचाऱ्याने शिजवायचं कधी?"

दुसऱ्या दिवशी कुकर लावून तो सरळ जिन्यात जाऊन बसला. शेजाऱ्यांना वाटलं, घरात भांडण झालंय. त्या दिवशी सगळं मऊ शिजलं, पण मीठच राहिलं होतं. बायको जेमतेम अर्धी वाटी खाऊ शकली. हा खचला नाही. पडत-झडत शिकू, पण शिकूच, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

रविवारी मेहुणी आली ती रिकामी पिशवी घेऊनच. ताईचे कपडे भरले, खाली टॅक्सी थांबवून ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने झाकणाला हात घातला.

"हात काढ!" ड्रायव्हर गरजला. "स्टॉप यायच्या आधी दार उघडत नाही मी!"

मेहुणी दचकून मागे सरली. वेळ झाल्यावर त्याने स्वतः झाकण काढलं, चव बघितली आणि बायकोला वाटीत वाढलं. ती सावकाश खात राहिली. तो दाराशी उभा राहून तिचा एकेक घास बघत होता.

"ताई, आवर आता. टॅक्सी कधीची थांबलीय," मेहुणी म्हणाली.

ताईने रिकामी वाटी नवऱ्यापुढे धरली.

"टॅक्सीला जायला सांग गं," ती म्हणाली. "अहो, अजून वाढा ना थोडं."